चढवलेली धनुकली

चाकणच्या पट्ट्यात यंत्रांसाठी लाकडी खोकी ठोकण्यात हिंदुरावाचा जन्म गेला. यंत्र परमुलखात पोचायचं आणि खोकं फोडून कुणीतरी जाळायचं. म्हणून म्हातारपणी एकच हौस उरली होती, आपल्या हातची एक तरी वस्तू कुणी वापरून वापरून गुळगुळीत करावी. नात करिष्मा फोनवर म्हणाली, "आबा, मला लाकडाचं धनुष्य द्या, प्लास्टिकचं लगेच मोडतं," आणि मोशीच्या खोलीत गडी हरखला.

मावळातल्या गावाहून त्यानं धामणीच्या झाडाची लवचीक फांदी आणली. तडकू नये म्हणून तिच्या तोंडांना शेण लिंपून सावलीत वाळत टाकली. कधी होणार म्हणून मुलाचा, ज्ञानेशचा, धोशा चालू. हिंदुराव त्याला भैरू सुताराची गोष्ट ऐकवायचा. भैरूनं मेव्हण्याच्या घाईपायी ओल्या बाभळीची खाट केली, उन्हाळ्यात ती अशी पिळवटली की मेव्हणा निजायचा खाटेवर नि उठायचा उंबऱ्यापाशी! लाकूड वाळल्यावर हिंदुरावानं सालीखालची पाठ तशीच राखली आणि पोटाकडून, म्हणजे आतल्या अंगानं, काचेच्या तुकड्यानं खरवडलं. दोरी ओढून बघायचं, जी बाजू कमी वाकेल तिथं पुन्हा काच. इवल्या बोटांनी ओढता येईल अशी धनुकली उतरली. तिला जवसाचं तेल पाजलं. भेटेल त्याला तो सांगत सुटला, खेळ झाला की दोरी काढायची. चढवलेली धनुकली नि जुंपून ठेवलेला बैल उभ्या उभ्या म्हातारे होतात.

हिंजवडीजवळ माणला ज्ञानेशच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तेव्हा तो ती घेऊन गेला. करिष्मानं पार्किंगमध्ये खोक्यावर नेम धरला, बाण आरपार. तेवढ्यात ज्ञानेशचे साहेब आले. म्हणाले, काका, ही तर हॉलमध्ये शोभेल. पाहुण्यांनी तिच्यासोबत फोटो काढले, हिंदुरावाला मधे उभं करून. खोक्यांपायी त्याला कधी कुणी नाव विचारलं नव्हतं. नात धोतर ओढत होती, पण ते त्याला कळलंच नाही. सून पूनमनं सोफ्यावरच्या भिंतीत खिळा मारून घेतला.

"आबा, दोरी तशीच ठेवू ना? नाहीतर नुसती काठी दिसते," तिनं विचारलं. सगळे बघत होते.

"ऱ्हाऊ दे की. माझ्या हातचं लाकूड हाय, त्याला काय धाड भरलीय?"

पुढं मोशीच्या पारावर साहेबांनी केलेलं कौतुक सांगताना त्याला रोज आठवायचं, फोन करावा, दोरी काढा म्हणावं. पण एवढा तोरा मिरवल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? उन्हाळा असाच गेला.

करिष्माच्या वाढदिवसाला तो गेला. तिनं आल्या आल्या धनुकली मागितली. त्यानं खाली घेतली, दोरी काढली. लाकूड वाकलेलं ते वाकलेलंच राहिलं. तरी दोरी लावून तिच्या हातात दिली. बाण सुटला आणि सतरंजीच्या कडेलाच पडला. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"आबा, ही नुसती बघायचीच आहे का?"

कशालाही गोष्ट लावून देणारा हिंदुराव नुसतं "व्हय," म्हणाला.

"बरं," म्हणून ती सायकल घेऊन खाली गेली.

पूनम म्हणाली, परत लावते, येणारेजाणारे फार विचारतात. हिंदुरावानं आपणच खुर्चीवर चढून अडकवली. जरा डावीकडं, पूनम म्हणाली. त्यानं सरकवली.