उजव्या हाताची दोन बोटे

"तुमच्या गोलकीपरचा हात मोडला म्हणतात. खरं का?"

ट्रंक कॉल नागपूरहून होता आणि स्पोर्ट्स डेस्कचा होता. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी मला फोन यायचा तो जिल्हा डेस्कचा. जखमी किती, गंभीर किती, नागपूरला कोणाला हलवले, एवढेच ते विचारत. स्पोर्ट्स डेस्कने पांढुर्ण्याला फोन करण्याची ती पहिली वेळ होती.

कोणी सांगितले, असे मी विचारले. एक ट्रक ड्रायव्हर प्रेसच्या दारात बोलून गेला होता. मी म्हणालो, तपासून सांगतो. उपसंपादक म्हणाला, "तपासा आणि दोन ओळी पाठवा. रविवारी मॅच आहे. रविवारनंतर या दोन ओळींचं मला काही काम नाही."

मी त्या काळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, नागपूरच्या एका मराठी दैनिकाचा पांढुर्ण्याचा स्ट्रिंगर होतो. स्ट्रिंगर म्हणजे पगारी नोकर नव्हे. बातमी छापून आली तर तिचे मानधन मिळवणारा वार्ताहर. माझ्याकडे फोन नव्हता. एका संत्र्याच्या अडत्याच्या दुकानात होता, आणि हंगाम नसला की तिथे दुपारभर बसायला हरकत नसे. बातमीचे पाकीट मी पॅसेंजरने पाठवत असे. पेपर सकाळी त्याच मार्गाने उलट यायचा. शेजारच्या सौसरला तो छोट्या लाईनने, म्हणजे नॅरोगेज गाडीने, जायचा.

मॅच कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. जिल्ह्याच्या फुटबॉल लीगमध्ये ए डिव्हिजन आणि बी डिव्हिजन अशा दोन पायऱ्या होत्या. हंगाम संपला की ए डिव्हिजनमधला शेवटचा संघ बी मध्ये ढकलला जाई. त्याला रेलिगेशन म्हणतात. त्या वर्षी पांढुर्ण्याचा, गावच्या जाम नदीचे नाव लावणारा जाम क्लब आणि सौसरचा क्लब, दोघेही तळाशी होते. शेवटची मॅच या दोघांतच, पांढुर्ण्याच्या मैदानावर. जाम क्लबचा एक गुण जास्त होता. म्हणजे त्यांना बरोबरी पुरत होती. सौसरला जिंकणे भाग होते.

मैदानाचा प्रश्न त्यातच अडकला होता. ए डिव्हिजनच्या मॅचेस होतात म्हणून नगरपालिकेने ते मैदान क्लबकडे ठेवले होते. बी डिव्हिजनच्या सगळ्या मॅचेस छिंदवाड्याला होत. क्लब खाली गेला तर मैदानावर बैलबाजार भरवायचा, असे पालिकेत बोलले जात होते. खाचखळग्यांच्या पडीत जागेचे मैदान ज्यांनी केले ते क्लबचे कोच, एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी शाळा सुटल्यावर मुलांकडून दगड वेचून घेतले होते. कितीतरी वर्षे. बैलबाजाराचा विषय निघाला की ते उठून जात.

हंगाम वाईट गेला होता. जाम क्लबचा बचाव मधून फुटायचा. दोन बॅकच्या मधून एक पास गेला की समोर फक्त गोलकीपर उरायचा. सौसरने पहिल्या फेरीत त्यांना असेच हरवले होते, छोटे छोटे पास देत, मधून. तरी जाम क्लब शेवटच्या मॅचपर्यंत तगला तो गोलकीपरमुळे. त्याचे नाव वामन. नदीपलीकडच्या सावरगावचा. हंगामात संत्र्याच्या पॅकिंगला जायचा. ढिगावरून फेकलेली संत्री दोन्ही हातांनी झेलून प्रतवारी करणारा माणूस गोलकीपर झाला यात कोणाला नवल वाटत नसे.

जाम क्लबमध्ये दोन्ही काठांची मुले होती. अकरा महिने एकोणतीस दिवस याचा काही त्रास नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असायचा. त्या दिवशी नदीच्या मधोमध झेंडा लावलेले पळसाचे झाड उभे करतात, सावरगाव ते राखते, पांढुर्णा ते तोडायला येते, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. हीच गोटमार. संध्याकाळी सगळे मिळून देवीच्या देवळात जातात. कोणाचा दगड कोणाला लागला हे कोणी विचारत नाही. पोलिसांत तक्रार करत नाही. ही तिथली रीत आहे आणि ती मोडल्याचे मी पाहिलेले नाही.

गुरुजींनी त्या वर्षी सगळ्यांकडून शब्द घेतला होता की नदीवर जायचे नाही. कॅप्टन सिद्धार्थ, पालिकेच्या पाणी खात्यातला, तसाही कधी जात नसे. बाकीच्यांनीही शब्द दिला. वामननेही.

फोन ठेवून मी आधी सिद्धार्थकडे गेलो. तो व्हॉल्व्ह सोडत होता. मला पाहून त्याने पाना खाली ठेवला नाही.

"तुमाले कोनं सांगितलं?"

मी म्हणालो, नागपूरने. तो हसला. म्हणाला, "सावरगावात काय झालं ते नागपूरले आधी मालूम होते. हाव, खरं आहे. पन वामनलेच विचारा."

वामन घरी ओट्यावर बसला होता. उजव्या हाताला प्लास्टर. आईने ओळख नसल्यासारखे आत जाऊन चहा ठेवला. मी विचारले, शब्द दिला होता ना?

तो शांतपणे सांगत गेला. तो दगड मारायला गेला नव्हता. सकाळपासून गल्लीत बोलणे चालले होते की हा आता पांढुर्ण्याचा झाला, पांढुर्ण्याच्या गोलमध्ये उभा राहतो, त्याला नदी काय करायची. दुपारी तो नुसता पाहायला गेला, मागे उभा राहिला. पुढे एक म्हातारे बाबा होते, त्यांना कमी दिसायचे. समोरून दगड आला.

"बाकीचे डोकं खाली घालून रायले होते जी. मीही घालायले पायजे होतं. पन दगड आला अन् माहा हात गेला."

"झेलला?"

"झेलला न. तेच त चुकलं." प्लास्टरचा हात मांडीवर ठेवत तो म्हणाला, "बाबाले नाही लागला."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट, दोन्ही मोडली आहेत. खेळू नये. खेळला तर बोटे वाकडी राहतील. मी ते जसे सांगितले तसे टिपून घेतले.

माझा गोटमारीच्या बातमीचा एक नियम होता. जखमी शेकड्यांनी असतात. नावे फक्त नागपूरला हलवलेल्यांची. म्हणून आदल्या दिवशीच्या बातमीत वामनचे नाव नव्हते. पण आता डेस्कने थेट विचारले होते, आणि विचारलेले खरे होते. ए डिव्हिजनमध्ये कोण राहणार हे ठरवणाऱ्या मॅचच्या आधी एका संघाच्या गोलकीपरची बोटे मोडली, तर ती बातमी आहे. ती मला आवडो न आवडो.

तरी पाकीट पाठवण्याआधी मी गुरुजींकडे गेलो. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला ती पेपरातून कळू नये, एवढी शिस्त मी पाळत असे.

गुरुजींनी ऐकून घेतले. चिडले नाहीत. नव्या गोलकीपरचे काय, असे मी विचारले तर म्हणाले, दुसरा गोलकीपर आहेच कुठे. वामनच उभा राहणार. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना माहीत होते, वामनलाही. त्यांनी त्याला नको म्हणून पाहिले होते. त्यावर वामनने विचारले होते, मग कोणाले उभं करता, तुमी राहता का?

मग ते मुद्द्यावर आले.

"बातमी रोकता येत नाही, मले समजते. छापा. बोटं मोडली छापा. पन भाऊ, कोनत्या हाताची ते नका लिहू."

मागणी लहान होती. एक शब्द. सौसरवाल्यांना गोलकीपर जखमी आहे हे कळले असते, पण कोणत्या बाजूला मारायचे ते कळले नसते. तो शब्द गाळला तर बातमी खोटी होत नव्हती.

पण सौसरचे लोकही हाच पेपर विकत घेतात. मला जे माहीत आहे त्यातले एक गाव सांगेल तेवढेच दुसऱ्या गावाला द्यायचे, हे एकदा केले की पुढच्या वेळी नाही कसे म्हणणार? मी गुरुजींना हे सांगितले. ते म्हणाले, तुम्ही पांढुर्ण्याचे नाही का? मी म्हणालो, राहतो पांढुर्ण्यात. त्यांनी चहाचा कप माझ्यापासून दूर सरकवला. त्यात अजून चहा होता.

गुरुवारी बातमी दोन ओळींची आली. 'जाम क्लबचा गोलरक्षक वामन याच्या उजव्या हाताची दोन बोटे गोटमारीत मोडली असून रविवारच्या सामन्यात तो खेळण्याची शक्यता आहे.' डेटलाईन पांढुर्णा. डेटलाईन म्हणजे बातमीच्या सुरुवातीला असलेले गावाचे नाव. ती कुठून आली हे सगळ्यांना कळते, आणि पांढुर्ण्यातून ती पाठवणारा एकच होता.

पुढचे दिवस मी जिथे बसत असे तिथे बसलो. बोलणे मात्र बंद झाले. चहावाल्याने चहा दिला, पण "घ्या भाऊ" म्हटले नाही. अडत्याने एवढेच सुनावले, "आमच्या फोनवरून ठरलं न हे सारं." सिद्धार्थ दिसला तेव्हा म्हणाला, "नळ येऊन रायला न तुमच्याकडे?" मी हो म्हणालो. "मंग ठीक आहे. मी आपला नळ सोडतो, कोनाच्या घरी किती जाते ते पाहत नाही." हा टोमणा होता की पाठिंबा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

रविवारी मैदानावर दोन्ही काठ आले होते. प्रेक्षकांत बँडेज बांधलेली डोकी बरीच. सौसरचा संघ जीपने आला. त्यांच्या मॅनेजरच्या हातात पेपर घडी करून धरलेला होता. गुरुजींनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

वामनने प्लास्टर काढून टाकले होते. दोन बोटे तिसऱ्याला पट्टीने बांधली होती.

सौसरने पहिल्यापासूनच लांबून शॉट मारायला सुरुवात केली. बॉक्सच्या बाहेरून, उंच, आणि प्रत्येक वेळी वामनच्या उजव्या बाजूला. त्यांचा कॅप्टन न ओरडता खुणेने बाजू दाखवत होता, पण ती खूण मैदानाबाहेरूनही कळत होती. पहिला शॉट वामनने मुठीने ढकलला आणि हात छातीशी धरून वाकला. दुसरा बाहेर गेला. तिसऱ्यापासून मला एक गोष्ट दिसू लागली. वामन गोलच्या मधोमध उभाच नव्हता. तो एक पाऊल उजवीकडे सरकून उभा होता. चेंडू येणार कुठे, हे त्याला आधीच माहीत होते. उरले होते ते फक्त तिथे असणे. त्यासाठी डावा हात, छाती, गुडघा काहीही चालत होते.

हाफटाईमला गुरुजी मुलांना काय सांगत होते ते मी जवळ जाऊन ऐकले. मला कोणी हटकले नाही, बोलावलेही नाही.

"लांबून मारून रायले त मारू द्या. अंगावर जाऊ नका. दोघंही बॅक मधात उभे राहा, हलू नका. मधून गेले न, त संपलो आपन."

सौसर मधून गेलेच नाहीत. ज्या छोट्या पासांनी त्यांनी पहिल्या फेरीत मैदान मारले होते ते पास त्यांनी त्या दिवशी दिले नाहीत. मोडलेली बोटे समोर दिसत असताना एवढा लांबचा रस्ता कोण घेईल? प्रत्येक जण चेंडू मिळाला की मारत होता.

अगदी शेवटी त्यांचा एक पोरगा कंटाळून किंवा चुकून मधून पळाला. सिद्धार्थ मागे पडला. पुढे फक्त वामन. तो बाहेर धावला आणि पोराच्या पायांवर झेपावला. चेंडू दोन्ही हातांनी धरला, पोटाखाली घेतला, आणि सोडला नाही. रेफ्रीने शिटी वाजवली तरी उठला नाही. सिद्धार्थने त्याची डावी बोटे एकेक करून उघडली. उजवी उघडायला हात लावला नाही.

मॅच गोलशून्य सुटली. जाम क्लब ए डिव्हिजनमध्ये राहिला. सौसर खाली गेले. मैदानावर त्या वर्षी बैलबाजार भरला नाही.

सौसरचा कॅप्टन जीपमध्ये बसायच्या आधी माझ्याकडे आला. सभ्य मुलगा होता. म्हणाला, "तुमच्या पेपरनं बुडवलं आमाले, भाऊ. उजवा हात लिहिला नसता त आमी आमचा गेम खेळलो असतो." बातमी खोटी होती का, असे मी विचारले. तो म्हणाला, "नाही जी. खरी होती, हेच त."

मी रिपोर्ट त्याच संध्याकाळच्या पॅसेंजरने पाठवला. त्यात शेवटचा परिच्छेद वामनचा होता. दोन बोटे मोडलेल्या हाताने तो पूर्ण वेळ खेळला, असे मी लिहिले. कोणता हात तेही.

सोमवारी पेपर आला. सहा ओळी होत्या. निकाल होता, रेलिगेशन होते, रेफ्रीचे नाव होते. शेवटचा परिच्छेद नव्हता. डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. म्हणून महत्त्वाचे वर लिहावे, हे मला माहीत होते. मी तरीही वामनला खाली ठेवले होते, कारण खेळाच्या बातमीत निकाल आधी येतो.

गुरुजी दुपारी अडत्याच्या दुकानात आले. हातात पेपर होता. माझ्यासमोर बसले. त्या बातमीनंतर पहिल्यांदाच त्यांनी चहावाल्याला दोन कप सांगितले. मग बातमीवर बोट ठेवले, वरून खाली नेले, आणि संपली तिथे थांबवले.

"वामनच्या बोटाचं नाही आलं, भाऊ?"

मी म्हणालो, लिहिले होते. जागा नव्हती.

"गुरुवारी होती," गुरुजी म्हणाले.

चहा आला. आम्ही तो पिऊन टाकला. वामनची बोटे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाकडी राहिली आणि पुढच्या हंगामात तो पॅकिंगला एका हाताने झेलायला शिकला. मी त्यानंतर पुष्कळ वर्षे बातम्या पाठवल्या. बातमी खरी की खोटी एवढे पाहत आलो. ती कोणाच्या कामी येईल याचा अंदाज मात्र त्या रविवारनंतर बांधला नाही.