भुंग्याचा सत्कार

मी मूळची परभणीची. नोकरी हिंजवडीत, पण ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जावं लागतं, म्हणून कोळवणच्या पुढे एका शेतकरी कुटुंबाच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. घरमालकांना सगळे आबा म्हणतात, त्यांच्या बायकोला काकी.

बारीक किडेही जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स घेतली तेव्हा पहिल्याच सकाळी मी परसात भोपळ्याच्या फुलासमोर पालथी पडले होते. काकी तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या.

“ताई, चक्कर आली का?”

“नाही काकी. माशीचा फोटो काढतेय.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, “आन् काडल्यावर तिला दाकवणार कसा?”

पावसाळा ओसरला तोवर माझ्याकडे बरेच फोटो जमले होते. तुळशीवरच्या सातेरी मधमाश्या, संध्याकाळी काडीला जबड्याने धरून झोपणारी निळ्या पट्ट्यांची माशी, मधमाशीचं सोंग घेणारी एक साधी माशी आणि सगळ्यांत देखणा म्हणजे भोपळ्याच्या फुलातून पाठ पिवळी करून बाहेर पडणारा काळा भुंगा. वाटलं, हे गावाला दाखवावं. आपल्या वेलाला भोपळा कोण आणतं, ते लोकांना कळावं.

आबा म्हणाले, “पौडला फ्लेक्सवाला हाय आपल्या वळखीचा. फोटो पाटवा त्याला.”

मी पाठवले. फ्लेक्सवाल्याचा फोन आला, “मॅडम, मधी कोण?” मी म्हटलं, “भुंगा मध्ये मोठा घ्या, बाकीचे खाली छोटे.” त्याला एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसहून परतले, तेव्हा आबांनी फ्लेक्स आणून एसटीच्या थांब्यावर लावलाही होता. सोनेरी महिरपीत भुंगा. वर लाल अक्षरांत, ‘मा. भुंगाशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. खाली ‘शुभेच्छुक’ असं लिहून गोल चौकटींत बाकीच्या माश्या ओळीने. झोपलेली निळ्या पट्ट्यांची माशी पहिली होती, बहुधा ज्येष्ठ म्हणून.

मी आबांना म्हटलं, “आबा, हे उतरवा.”

“ऱ्हाऊ द्या वो. लोक थांबून बगत्यात.”

लोक थांबत होते हे खरं. कुणीतरी झेंडूचा हारही घातला होता, आणि त्या हारावर खऱ्या मधमाश्या येऊन बसल्या होत्या. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. त्यामुळे जो तो आबांना विचारी, “ह्ये कुणाचं पॅनल?” आबांना आयुष्यात कुणी राजकारणातलं काही विचारलं नव्हतं. ते नुसते म्हणत, “बगू.” त्या एका शब्दाने गावभर खळबळ उडाली.

आठवडा उलटायच्या आत खालच्या आळीतले एक वयस्कर गृहस्थ माझ्या दारात येऊन बसले. चेहरा गंभीर.

“ताई, तुमी समद्या माश्या वरच्या आळीच्या घेतल्या. आमच्याकडं काय किडे न्हाईत व्हय?”

मी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे गेले. तिथे एकमेकांशी बोलणं टाकलेल्या दोन भावांच्या शेतांमधल्या बांधावर तूर फुलली होती. एका फुलावर मधमाशी बसली. थोरला म्हणाला, “घ्या, ही आमची.” मी फोकस करते तोच ती उडून धाकट्याच्या हद्दीत गेली. धाकटा माझ्याकडे पाहून, पण भावाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “बगा. तिला बी कळतंय.” त्यावरून जे सुरू झालं ते दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. दोघं इतकं बोलले, की काकींच्या मते पाच वर्षांची भरपाई झाली. मधमाशी केव्हाच निघून गेली होती.

शेवटी दोन्ही आळ्यांच्या समाधानासाठी बैठक बसली आणि ठरलं, की भुंगाशेठचा जाहीर सत्कार करायचा. मी म्हटलं, “अहो, भुंग्याचा सत्कार कसा करणार?” बैठकीतलं कुणीतरी म्हणालं, “शाल-श्रीफळ देऊन.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी अगदीच अडाण्यासारखं विचारलं, असं मलाही वाटून गेलं.

थांब्यासमोर नवरात्रातला मांडव अजून उभाच होता. तालुक्याहून एक निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून आले. कुठल्याही विषयावर बोलायची त्यांची तयारी असे. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचं स्वागत झालं आणि सूत्रसंचालकाने सवयीने पुकारलं, “आता सत्कारमूर्तींनी व्यासपीठावर यावं, ही नम्र विनंती.”

पाहुणे शाल उलगडून उभे. लोक एकमेकांकडे, मग माझ्याकडे पाहू लागले. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात पाहुण्यांच्या कोटावर वरून पिवळट भुसा पडला. आबा उठले आणि मांडवाच्या पुढच्या बांबूकडे बोट दाखवून ओरडले, “आलेत! आदीच येऊन बसलेत!” बांबूला सुबक गोल भोक होतं आणि आतून गुरगुर ऐकू येत होती. भुंग्याने तिथे घर कोरायला घेतलं होतं.

मग काय! शाल बांबूला गुंडाळली. काकींनी भोकाच्या कडेला हळद-कुंकू लावलं. पाहुण्यांनी नारळ पुढे धरला आणि नेमका त्याच वेळी भुंगा बाहेर पडून त्यांच्या नाकासमोर येऊन थांबला, जागच्या जागी घोंगावत. पाहुण्यांनी डोळे मिटले, घट्ट. नारळ धरलेले हात कपाळाला लावले. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! टाळ्या थांबेनात. मी धडाधड फोटो काढले. नंतर पाहिलं, तर एकाही फोटोत भुंगा स्पष्ट नाही. पाहुण्यांच्या मिटलेल्या पापण्या मात्र अशा आल्यात, की एकेक केस मोजावा.

निवडणूक होऊन गेली. आबा उभे राहिले नाहीत. मांडववाला बांबू न्यायला आला, तेव्हा दोन्ही आळ्यांनी मिळून त्याला अडवलं. “त्यो सोडून ने. आत बाळंतपण हाय.” बाकी मांडव गेला, आणि तो एक बांबू शाल पांघरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. एसटी वळवताना ड्रायव्हर त्याला लांबून वळसा घालू लागला. शिव्याही देत नव्हता.

परवा पौडहून परत येताना कंडक्टरने विचारलं, “कुठं?” मी गावाचं नाव सांगितलं. त्याला काही उमगेना. मागच्या सीटवरच्या बाई खेकसल्या, “अवो, भुंगा म्हना की!”

मी म्हटलं, “एक भुंगा द्या.”

त्याने निमूट तिकीट फाडून दिलं.