आरसाबाईंचा उजवा हात

आरसाबाईंच्या बॅलेच्या क्लासात आरसा नव्हता. गुलमंडीमागच्या गोदामात भिंतीला लावलेला एक लोखंडी पाइप, घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी आणि बाई, एवढाच आमचा क्लास. पाइप धरून आम्ही पंधरा मुली पायाच्या बोटांवर उभ्या राहायचो आणि बाई आमच्याकडे तोंड करून. आम्ही उजवा हात उचलायचो तेव्हा त्या डावा उचलत. "मीच तुमचा आरसा, बेटा. माझ्याकडं बघा," म्हणत. नाव तिथूनच पडलं.

बाई बॅले शिकल्या सिकंदराबादेत, एका मडमेकडे. मडमेनं त्यांच्यावर लहान मुलींचा वर्ग सोपवला आणि पोलिस ॲक्शननंतर ती मायदेशी गेली. बाईंना खरं तर स्टेजवर जायचं होतं. पण त्या औरंगाबादेत आल्या आणि तीस वर्षं शिकवतच राहिल्या. का, असं विचारलं की म्हणत, "शिकवणाऱ्याला सगळं उलटं करावं लागतं ना. मग सरळ येत नाही."

आम्हाला त्याची गंमत वाटायची. बाई कुलपात किल्ली उलटी फिरवत, प्रसादाला डावा हात पुढे करत आणि मग ओशाळत. माझी आई पिशोर गावची, तिला हे खपायचं नाही. "लई उलटं माणूस हाय ते. तिच्या नादी लागू नको, सांगून ठेवते," ती म्हणायची. एकदा मात्र कापडाच्या दुकानात मोठ्या आरशासमोर बाई एकदम थबकल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "आत बघ," त्या कुजबुजल्या, "ती सरळ आहे." मी पाहिलं. आत बाईच होत्या. तरी दुसऱ्यांदा तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मला नाचायचं होतं, शिकवायचं नव्हतं. पुण्यातल्या एका नृत्यपथकासाठी मुलींची निवड होणार होती. अर्ज भरायला बाईंनीच लावलं. त्याच हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरले. "चार दिवस क्लास सांभाळशील?" त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. चार दिवसांचे आठ महिने झाले. रोज पोरींकडे तोंड करून मी डावा हात उचलायची आणि बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून टक लावून बघत बसायच्या, पोरींकडे नाही, माझ्याकडे. पावसाळ्यात एकदा ताटावर बसले असताना आईनं माझ्या हातावर चापट मारली. मी डाव्या हातानं जेवत होते.

पुण्याला आम्ही सहाजणी एका ओळीत उभ्या होतो. बाकीच्या उजवीकडे गेल्या, मी डावीकडे जाऊन शेजारणीवर आदळले. मला अगदी मनापासून वाटलं, या पाचहीजणी चुकल्या. पुन्हा करायला लावलं, पुन्हा तेच. परीक्षक मायेनं म्हणाले, "तुम्ही शिकवता वाटतं?"

परतल्यावर एसटी स्टँडवरून थेट गोदामाकडे गेले. सकाळची वेळ होती. दार उघडं होतं आणि आत बाई एकट्याच नाचत होत्या. पन्नाशीच्या बाई, पण गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे गेलेलं. उजवा हात, उजवा पाय, एकदाही न चुकता. मी त्यांचं नाचणं कधी पाहिलंच नव्हतं. मला बघून त्या थांबल्या. "माफ कर बेटा," म्हणाल्या, "तीस वर्षं वाट पाहिली मी."

आठवड्याच्या आत त्या हैदराबादला निघून गेल्या. मागे पत्र नाही, पत्ता नाही. क्लास माझ्याकडे आला तो आजतागायत आहे आणि मला काही पुन्हा सरळ नाचता आलं नाही. त्यांचा राग येतो का? येतो की. एखाद्या दिवशी फार येतो. पण त्या सकाळी त्यांनी माफी मागितल्यावर मी काय म्हणाले, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "थांबू नका बाई. पुढचं करा." आणि पिशवी मांडीवर घेऊन तिथंच उंबऱ्यात बसले, त्यांचं संपेपर्यंत.