पांढरं ते चांगलं

जन्मात मी हेवा पुष्कळांचा केला, पण मन लावून, रोजच्या रोज, असा एकाचाच. तो रावेरकडचा, केळीच्या बागायतदाराचा मुलगा. मी सोनगीरकडचा, कापूसवाल्यांचा. दोघंही जळगावात नानांकडे मदतनीस होतो. नाना म्हणजे गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. धडधाकट गाय गाभण का राहत नाही, या प्रश्नानं त्यांना नोकरीभर छळलं होतं. उत्तर अंडाशयात आहे, आणि अंडाशय पोटाबाहेर काचेत जिवंत ठेवून पाहिल्याशिवाय ते मिळायचं नाही, असं विलायती मासिकं वाचून त्यांनी ठरवलं होतं. बंगल्याच्या मागच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. गाईचं पुढे बघू, सुरुवात कोंबडीपासून.

रीत अशी. दहा-बारा दिवस उबवलेल्या अंड्यातलं पिल्लू काढायचं. मादी असेल तर तिचं टाचणीच्या डोक्याएवढं अंडाशय सुईनं उचलायचं. घड्याळाच्या काचेत कोंबड्याच्या रक्तातलं निवळ पाणी आणि वाटलेल्या पिलांचा रस घालून ते खरवसासारखं थिजवायचं आणि त्यावर अंडाशय ठेवायचं. मग ती काच झाकणाच्या बशीत, भोवती ओल्या कापसाची चुंबळ, आणि बशी रॉकेलच्या दिव्यावर ऊब धरणाऱ्या कपाटात. एक दिवसाआड नवं खाद्य. आपण कोंबडीच्या पोटात नाही हे त्याला कळू द्यायचं नाही, एवढंच काय ते शास्त्र. आमच्या घरी अंडं हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. सुट्टीत गेलो की आई मला अंगणातच डोक्यावरून पाणी घालायची आणि मग उंबरा ओलांडू द्यायची.

अशात मुंबईच्या एका प्रयोगशाळेनं नानांना बोलावलं. सोबत एक मदतनीस आणायची मुभा होती. नाना म्हणाले, "ज्याचं अंडाशय पंधरा दिवस जगेल, तो माझ्याबरोबर येईल."

मला जायचंच होतं. नाहीतर वडिलांनी सरकी काढायच्या आमच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याशेजारी माझी खुर्ची धरून ठेवली होती, आणि त्या खुर्चीवरून आमच्या घरातलं कुणी जन्मभर उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण रावेरकराचा हात! सुई धरली की जणू दगडात रोवलेली. माझी सुई मात्र पोळ्याच्या बैलाच्या शेपटासारखी हलायची. नाना त्याला 'बाळ' म्हणत, मला 'अहो'. तो तोंडाला फडकं बांधून काम करी. ते त्याला शोभायचं, म्हणून मी कधी बांधलं नाही. माझी पहिली तीन अंडाशयं तिसऱ्या दिवसापलीकडे गेली नाहीत. त्याचं पहिलंच नवव्या दिवशी टुमटुमीत होतं, आणि हे सांगताना तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर मी थोडं तरी माफ केलं असतं.

पंधरा दिवस मात्र तेही पोचलं नाही. शेवटच्या खेपेला दोघांनी एकाच दिवशी नवी अंडाशयं लावली. त्याच्या बशीवर निळ्या शाईची चिठ्ठी, माझ्या बशीवर लाल शाईची. माझी बशी मी खाद्य देण्यापुरती, देवाचं नाव घेऊन उघडायचो. त्याची मात्र दिवसातून चारदा! तो अंगणात गेला की झाकण उचलायचं, नाक आत घालायचं, उसासा टाकायचा आणि झाकण लावायचं. सूक्ष्मदर्शक नानांच्या कुलपात असे, तेव्हा जे काही दिसायचं ते नुसत्या डोळ्यांनी. त्याचं अंडाशय माझ्याच्यापेक्षा मोठं आहे, असं मला रोज दिसायचं.

पंधराव्या दिवशी सकाळी गेलो, तर रावेरकर आधीच येऊन ओट्यावर मान खाली घालून बसलेला. म्हटलं, बघा, जिंकायच्या आधीच काय हा मोठेपणा! आत जाऊन त्याची बशी उघडली. अंडाशय फुललं होतं! पहाटेचं बोंड फुटावं तसं पांढरंशुभ्र, मऊ, तंतू न् तंतू सुटा. माझ्या काचेत एक ओलसर पिवळट ठिपका. आमच्या घरी माल पारखायची रीत एकच: पांढरा तो चांगला, पिवळट तो कवडीमोल. तीन पिढ्यांच्या त्या पारखीनं मी पाहिलं, नानांच्या पूजेची घंटा अजून वाजत होती तेवढ्यात दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. हात, सांगायला हरकत नाही, अजिबात थरथरला नाही.

नाना आले. लाल चिठ्ठीची बशी आधी उघडली.

"अहो, हे काय?"

"वाढलंय, नाना."

"वाढलंय? बुरशी आहे ही! झाकण उघडं टाकून आत श्वास सोडत होतात की काय?"

"पण नाना, किती पांढरं आहे..."

"लोणच्यावर येते तीही पांढरीच असते!"

निळ्या चिठ्ठीची काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. नानांनी भिंग पुन्हा पुन्हा खालीवर केलं. मग हळूच म्हणाले, "बाळ, इकडे ये." आणि मलाही म्हणाले, "अहो, तुम्हीही बघा. जिवंत अंडाशय कसं असतं ते कळेल."

माझंच अंडाशय मला दुसऱ्याचं म्हणून दाखवलं गेलं. कडेनं पेशी पंख्यासारख्या पसरल्या होत्या आणि आत, धूसर, एकाला एक लागून, गोल गोल अंडी. मी नानांना म्हटलं, "छान आहे." रावेरकर माझ्याकडे बघून काही बोलायला गेला. आता पितळ उघडं पडणार, या भीतीनं मी डोळ्यांनीच त्याला दटावलं, गप्प बस!

तो गप्प बसला. त्याचं कारण आठ दिवसांनी जळगाव स्टेशनवर कळलं. नाना डब्यात बसले होते. त्यानं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, मले समजलं. माही बशी तं सकायीच सडेल व्हती. मी पाह्यली व्हती. तुम्ही तुमची मले देली."

"अरे, तसं नाही..."

"नका बोलू. त्या दिवशी बी तुम्ही मले बोलू देलं नही. एवढं सख्खा भाऊ करत नही." त्याचे डोळे भरून आले होते. मी तोंड उघडलं. खरं बोलावं इतकं धैर्य गोळा होईपर्यंत शिटी झाली, आणि मी फक्त म्हणालो, "जाऊ दे रे, जप."

गाडी हलली. खिडकीतून तो हात जोडत होता. मला नव्हे, माझ्या जागी उभ्या असलेल्या कुणा भल्या माणसाला. त्याच्या मनातला तो भला माणूस त्याच्याबरोबर डब्यात बसून मुंबईला चालला होता आणि मी फलाटावरच राहिलो होतो. रावेरकराचा हेवा मी त्या दिवशी सोडला. त्या भल्या माणसाचा अजून सुटलेला नाही.