चावी फिरवण्याआधी

आज द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी बाबांच्या जुन्या गाडीचं कॅमशाफ्ट टायमिंग बदललं. एसी लावला की गाडी फ्लायओव्हरवर दमायची, म्हणून बाबा ती विकायला निघाले होते; एक गिऱ्हाईकही मिळालं होतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह किंचित आधी उघडले, तर कमी वेगातली ओढ वाढते. तेवढंच करायचं होतं.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ज्यावर फिरतो तो दातेरी टायमिंग बेल्ट चढवला, तोवर शेजारचे अंकल येऊन उभे राहिले होते. “बेटा, अब चाबी घुमाओ ना!”

मी पाना लावून इंजिन आधी हातानेच फिरवलं. कॉलेजपासूनची सवय. अर्ध्या फेरीतच ते अडलं. बेल्ट दोन दात पुढे बसला होता, चूक माझीच. चावी फिरवली असती, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असते.

“अगं, राहू दे. विकूनच टाकू,” बाबा म्हणाले.

“थांबा जरा.”

बेल्ट पुन्हा बसवला. या वेळी इंजिन मोकळं फिरलं.

दुपारी एसी फुल ठेवून बाबांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये फ्लायओव्हरवर चढवली. वर पोचल्यावर म्हणाले, “त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव.”

मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो त्या अडलेल्या अर्ध्या फेरीचा. इतरांना उगाच वेळखाऊ वाटणारी अशी कुठली सवय तुम्ही सोडलेली नाही?