आधी आपला शब्द

प्रश्न समोर आला की ताई आधी खालच्या चार पर्यायांवर तळहात ठेवायच्या. “आधी आपला शब्द टाका. मंग त्यायचे पाहा.” बँकेच्या परीक्षेत इंग्रजी वाक्यातली रिकामी जागा भरायची असे. तुमच्यापैकी ज्यांनी ती भरली असेल त्यांना ठाऊक आहे, चारही शब्द सारखेच सज्जन दिसतात.

ताई अहेरीत एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर टायपिंग करायच्या. रविवारी सकाळी विहाराच्या ओसरीवर आम्हा पाचसहा जणांना शिकवायच्या. आठवडाभर टाइप करून आखडलेली बोटं मोडत बोलायच्या, “वाक्यात ‘पण’ हाय का पाहा. असंल त पुढं सारं उलटं येते. मंग शब्द बरा पाहिजे का वाईट, ते ठरवा. दोन त तिथीच कटते.”

मी एकाच प्रश्नाला चिकटून बसलो की म्हणायच्या, “भाऊ, त्याच्यासंग लगन लावून राह्यला का? सोड त्याले.”

दरवर्षी आमच्यातलं कोणी ना कोणी पास होऊन निघून जाई. ताईही दरवर्षी परीक्षा देत, त्यांचं मात्र थोडक्यात राही. “थकली रे मी दुसऱ्याचे वाक्यं पुरे करून करून,” एकदा त्या म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न घेतला.

त्यांच्या वयाला चालणारी शेवटची परीक्षा आम्ही दोघांनी चंद्रपूरला दिली. यंदा नाही तर रोजंदारीच, हे त्यांना ठाऊक होतं. परतीच्या एसटीत आम्ही उत्तरं ताडून पाहू लागलो. एक वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: जंगल इतकं अमुक होतं, की वाटसरूंना आत जायची भीती वाटली. मी ‘घनदाट’ निवडलं होतं. ताईंनी ‘विरळ’.

“ताई, घनदाट असेल ना?”

“घनदाट जंगलाचं भेव काऊन वाटंल?” त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “तिथी सावली रायते, मोहा रायते, पाणी रायते. आमच्या गावामागचं कटलं, तवापासून माय एकटी जात नाई. बसाले झाड नाई, प्याले पाणी नाई.”

आपला शब्द त्यांनी आधी टाकला होता आणि तो पर्यायांत सापडलाही होता. आजही मला वाटतं, उत्तर त्यांचंच बरोबर होतं.

मी पास झालो. ताई या वेळीही थोडक्यात राहिल्या. त्या एका प्रश्नानंच राहिल्या असं कोण सांगणार, पण मला तसंच वाटत राहिलं आणि फार वाईट वाटलं.

निकालानंतरच्या रविवारी त्या नेहमीसारख्या आल्या. नव्या मुलींपैकी एकीनं यंदाच्या प्रश्नसंचातून नेमका तोच प्रश्न काढला. तिनं आपला शब्द सांगितला, “उजाड.” तीही जंगलातल्याच गावची होती.

ताईंनी पर्यायांवरचा तळहात उचलला.

“घनदाट लिव, बाई,” त्या म्हणाल्या. “पास व्हाचं असंल त घनदाट.”

पुढच्या रविवारी ओसरीवर आम्ही उन्हं वर येईपर्यंत बसलो. ताई आल्या नाहीत.