काकांनी घेतलेली नवी फर्नेस

"ताई, इथं सिस्टिम आहे," असं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपायचा.

दवाखान्यानं एकाच तपासणीचं बिल दोनदा पाठवलं, कचऱ्याची गाडी आली नाही, विम्याचा माणूस फोन उचलेना, काहीही होवो. मी चिडले की काकांचा चष्मा वर आणि हेच वाक्य. सगळी नोकरी त्यांनी इथं अमेरिकेत पुलांच्या कामावर केली. असे एक काका तुमच्याही ओळखीचे असतील. आपल्या माणसावर विश्वास नाही आणि इथल्या माणसावर अविश्वास नाही.

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची म्हणून मीही म्हणायचे, नाहीतर वयानं मीच मोठी. अ‍ॅशबर्नला मी लेकीकडे राहते, तिच्या घराशेजारी त्यांचं घर. काकू गेल्यापासून एकटेच राहायचे. मी पिठलं-भाकरीचा डबा द्यायचे आणि ते डबा कधी रिकामा परत करायचे नाहीत. मूठभर बदाम तरी असायचेच, आणि वर "पिठलं आज जरा पातळ होतं हं ताई" हा शेरा.

इंडियन स्टोअरमध्ये त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडून आतली पिवळी पानं काउंटरवर मांडायचे. भेंडीची टोकं मोडायचे. दुकानदार हात जोडायचा. "अंकल, आप फ्री में ले जाओ, पर जाओ." काका म्हणायचे, "फुकट नको, चांगली दे."

त्यांचा एकुलता एक मुलगा टेक्सासमध्ये, अर्विंगला. आई गेल्यावर तो म्हणाला, चला माझ्याकडे. काका हलेनात. शेवटी तडजोड झाली. घर त्रास देत नाही तोवर राहा, पहिला मोठा बिघाड झाला की घर विकायचं आणि यायचं. रोज संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि काका त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत बसून तो घ्यायचे. छप्पर, नळ, फर्नेस, सगळ्याची चौकशी व्हायची. "ऑल गुड," काका सांगायचे. बघायला आलेल्यांना मुलगी दाखवावी तसं ते घर दाखवायचे.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, घर तापवणारी त्यांची फर्नेस बंद पडली. मी सकाळी डबा घेऊन गेले तर हे गृहस्थ ओव्हरकोट, माकडटोपी आणि हातमोजे घालून स्वयंपाकघरात बसलेले. ओव्हनचं दार उघडं टाकून ऊब घेत होते.

"अहो, मरायचंय का? बंद करा आधी तो गॅस."

"मेकॅनिक येतोय. मोठी कंपनी आहे, टीव्हीवर जाहिरात असते."

मेकॅनिक आला. तरणाबांड, गोरा, इस्त्रीचा गणवेश. दारातच थांबला आणि बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, कार्पेट खराब होऊ नये म्हणून. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांच्याच मुलाला बक्षीस मिळालंय. "बघा ताई. न सांगता."

तो तळघरात गेला आणि थोड्या वेळात घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून वर आला. म्हणाला, हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय. ज्या पत्र्याच्या पेटीत जाळ असतो आणि जिच्यावरून जाताना घरातली हवा तापते, ती ही पेटी. विषारी वायू घरात शिरेल, तो म्हणाला, मी ही चालू करून देऊ शकत नाही, जबाबदारी माझ्यावर येते. फर्नेसवर 'चालवू नका' अशी लाल चिठ्ठी लावून आला होता. मग हातातल्या टॅबलेटवर चकचकीत चित्रं दाखवायला लागला. नवी फर्नेस नऊ हजार डॉलर. आज सही केली तर आजच बसवून देऊ, उद्या हा भाव नाही.

माझ्या अंगाची आग झाली. आदल्याच हिवाळ्यात माझ्या लेकीला दुसऱ्या कंपनीच्या माणसानं शब्द न शब्द हेच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, तड्याचा फोटो दाखव. त्यावर त्याला एकदम दुसरा फोन आला आणि तो सटकला. दुसरा मेकॅनिक आणला तेव्हा निघालं काय, तर जाळ ओळखणाऱ्या सळईवर काजळी धरली होती. त्यानं ती घासली, येण्याची फी घेतली आणि गेला. ती फर्नेस अजून चालू आहे.

मी काकांचा कोट ओढला. "तडा कुठंय ते दाखवायला सांगा."

"ताई, असं विचारणं बरं दिसत नाही."

"कोथिंबीर सोडवून बघता ते बरं दिसतं?"

"तो दुकानदार आपला माणूस आहे. ह्याला काय वाटेल? ह्या लोकांना वाटेल, इंडियन म्हणजे किरकिरे."

"वाटू दे. नऊ हजारांत किरकिर बसते. आज आमच्याकडे राहा, उद्या दुसरा माणूस बोलावू."

तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. मेकॅनिकला मराठी येत नव्हतं, तरी आणला. "संध्याकाळी मुलाचा कॉल येईल. तुमच्याकडे बसलो तर मागची भिंत बदललेली दिसेल. इथं टोपी घालून बसलो तर लगेच ओळखेल. मला हे घर सोडायचं नाही हो, ताई."

ते त्या पोराकडे वळले, "नो प्रॉब्लेम" म्हणाले आणि बोटानं काचेवर सही केली.

दुपारी दोन माणसं नवी फर्नेस घेऊन आली आणि जुनी गाडीत घालून घेऊन गेली. तडा होता की नव्हता, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. माझी चीड ह्याच्यावर आहे. अहो, भीती खोटी नसते, म्हणूनच तर तिचा धंदा होतो. तडा जाऊ शकतो, त्या वायूनं माणसं झोपेत जातात. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर तो वायू ओळखणारा अलार्म लावा, आणि तो वाजला तर प्रश्न न विचारता आधी घराबाहेर पडा. पण काकांच्या तळघरात अलार्म होता, बॅटरी नवी होती, आणि तो गप्प होता. असं असताना थंडीनं काकडणाऱ्या म्हाताऱ्याला "आजच सही करा" म्हणणारा माणूस मेकॅनिक नव्हे, विक्रेता आहे. त्याला विकल्यावर कमिशन मिळतं, दुरुस्त केल्यावर नाही.

विचारा हो! बिघडलेला भाग डोळ्यांनी दाखव म्हणा. सुट्या भागाचे किती आणि मजुरीचे किती, हे वेगवेगळं लिहून मागा. जाळाच्या त्या पेटीची वॉरंटी पुष्कळदा शिल्लक असते, मजुरीची नसते, आणि आपण होऊन ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या माणसाचा भाव येईपर्यंत जुनं यंत्र घरातून हलू देऊ नका. लाज वाटत असेल तर माझं नाव सांगा, घरात एक खाष्ट म्हातारी आहे म्हणा.

त्या संध्याकाळी काका अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून खुर्चीत बसले. बाहेर बर्फ पडत होता. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते. मुलगा म्हणाला, "बाबा, थंडी वाजत नाही?" काका म्हणाले, "छे! उलट उकडतंय." फोन ठेवल्यावर लहान पोरासारखे हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू?

पण बँकेचं खातं बापलेकांचं एकत्र. रक्कम गेलेली मुलाला दिसली आणि त्याच आठवड्यात तो विमानानं आला.

"बाबा, धिस इज एक्झॅक्टली व्हॉट आय वॉज अफ्रेड ऑफ," तो म्हणत होता. काका खिडकीबाहेर बघत होते. मी मध्ये पडले.

"अरे, त्यांनी का घेतली ते विचारलंस का?"

"मावशी, नऊ हजार. एका दुपारी. मला एक फोन नाही."

"तुला फोन केला असता तर?"

"तर मी त्याच दिवशी त्यांचं तिकीट काढलं असतं."

"मग?"

डोळे भरले होते त्याचे. पोरगा वाईट नाही. बाप फसला ह्याचं त्याला दुःख होतं, आणि बाप का फसला हे ऐकायला त्याला वेळ नव्हता. बाबांना आता व्यवहार जमत नाही, असं ठरून गेलं. जे वाचवायला काकांनी सही केली, ते त्या सहीनंच गेलं. आणि ज्यानं फर्नेस विकली त्याला त्या महिन्यात बोनस मिळाला असेल.

मार्चमध्ये घर विकायला निघालं. जाहिरातीत सगळ्यात वर लिहिलं होतं, 'ब्रँड न्यू फर्नेस'.

अर्विंगहून काकांचा अधूनमधून फोन येतो. परवा म्हणाले, मुलाच्या घरी थर्मोस्टॅट मोबाइलवर चालतो, आपल्याला हात लावायला भिंतीवर काही नाही. पिठल्याची चौकशी केली. मी म्हटलं, पातळच होतं.

घरात पुण्याचं तरुण जोडपं आलंय, दोघंही कम्प्युटरवाली. परवा त्यातली मुलगी ओळख करून घ्यायला आली. "काकू, घर काय मस्त मिळालं! फर्नेस तर अगदी नवी. विकायचं होतं तर आधीच्यांनी एवढा खर्च कशाला केला?"

"जायचं नव्हतं म्हणून," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. चहा घेऊन ती गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या घराच्या भिंतीतून बाहेर आलेला फर्नेसचा पांढरा पाइप दिसतो. थंडी होती, फर्नेस चालू झाली, आणि पाइपातून वाफ यायला लागली.